नाशिक जिल्ह्यातली वाळवी: कुठे, केव्हा आणि नेमकी कोणती?

माळरान_सिन्नर | १२ जून, रात्री ९:४०

परवा तिन्हीसांजेला आमच्याकडे मृगाचा पहिला खरा पाऊस झाला. अर्ध्या तासात उघडला. बांधावरच्या लिंबाखाली जुनं वारूळ आहे, त्याच्या अंगावर जागोजाग फटी पडल्या होत्या. प्रत्येक फटीच्या तोंडाशी तांबूस डोक्याचे, वारूळ राखणारे वाळवीचे सैनिक जबडे बाहेर करून उभे, आणि त्यांच्या मधून पंखवाले एकेक करून वर येत होते. वीस मिनिटांत कावळे, कोतवाल, साळुंक्या सगळे हजर. पायाशी बेडूक. अंधार पडला तेव्हा फटी आतून लिंपायला सुरुवातही झाली होती. सकाळी ओट्यावर नुसते पंख.

गेलं वर्षभर मी वहीत वाळवीच्या नोंदी ठेवतोय. चार जागा आहेत: सिन्नरच्या पूर्वेचा आमचा मुरमाड माळ, मेहुण्यांचं निफाडचं काळं रान, पेठ तालुक्यातलं आईचं माहेर आणि जुन्या नाशकातला मावशीचा वाडा. चारही एकाच जिल्ह्यात. पण इगतपुरी-पेठकडून येवला-नांदगावकडे गेलात की पाऊस तीन हजार मिलिमीटरवरून पाचशेच्या घरात येतो, आणि माती तर दर दहा कोसांवर बदलते. वाळवीही बदलते, हे मला उशिरा कळलं.

ठळक दिसलेलं एवढं: आमच्या दीड एकर माळावर सात वारुळं, त्यातली पाच जिवंत. निफाडच्या चार एकरांत एकही नाही. पेठला वारुळं आहेतच, पण दगड उलटला किंवा पडकं लाकूड फोडलं तर एका हाताच्या अंतरात दोन-तीन तऱ्हेच्या वाळव्या निघतात. वाड्यात वारूळ नाही, पूर्वी भिंतीवर मातीची रेघ होती.

आपण या सगळ्यांना वाळवी नाहीतर उधई म्हणून मोकळे होतो. भारतात हिच्या सुमारे ३०० प्रजाती आहेत आणि नुकसान करणाऱ्या त्यातल्या थोड्या. तुमच्या भागात कुठे, कोणत्या महिन्यात, काय खाताना दिसते ते इथे लिहा. माती कसली, तेही लिहा.

---

डाळिंबबाग_सटाणा | १३ जून, सकाळी ७:१५

दादा, नोंदी ठेवताय ते चांगलं. पण आमच्यासाठी उधई म्हणजे उधई. हस्त बहाराला बागेचं पाणी तोडून ताण सुरू केला की पंधरा दिवसांत खोडावर मातीचे पापुद्रे चढतात. दोन वर्षांपूर्वी सव्वाशे झाडं गेली. दुकानदार सांगेल ते औषध बुंध्यात ओतलं, तरी गेली. कोणती जात आहे हे कळून काय फरक पडणार?

---

माळरान_सिन्नर | १३ जून, दुपारी १:०५

ताई, तुमच्याच बागेपुरतं सांगतो, कारण फरक तिथेच पडतो. पुढच्या वेळी पापुद्रा दिसला की तो हाताने खरवडा आणि खालची साल नखाने टोकरून बघा. आत हिरवं, ओलं निघालं तर उधई फक्त वरची मेलेली साल खातेय. ओडोन्टोटर्मिस नावाच्या जातकुळीची ही नेहमीची पद्धत. मातीचं पांघरूण घालायचं आणि त्याखाली वाळकं खायचं. ताणात तुम्ही पाणी तोडता, पानगळ होते, सुकलेलं वाढतं, म्हणून ती तेव्हाच दिसते.

साल टोकरल्यावर आत टाचणीएवढी भोकं आणि काळपट लाकूड दिसलं, तर झाड आधीच खोडकिड्याने पोखरलंय किंवा मर रोगाने धरलंय. उधई मागून आली. मग तिच्यावर औषध ओतून झाड वाचत नाही. तुमची सव्वाशे झाडं कशाने गेली हे मला इथून सांगता येणार नाही, पण हे बघितल्याशिवाय पुन्हा पैसे घालू नका.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून, रात्री १०:२०

नमस्कार. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, विषय वाळवीच. काकांनी लिहिलेलं वाचून फार आनंद झाला, म्हणून थोडं लांब लिहिते.

ओळख सैनिकांवरून करतात. कामकरी जवळजवळ सगळ्या जातींचे सारखेच दिसतात, म्हणून नुसते पांढरे कामकरी गोळा करून उपयोग नाही. छोट्या बाटलीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल घ्या आणि पाच-सहा सैनिक टाका. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: गाव, तारीख, माती, कशावर सापडली. शाई विरघळते.

भिंगातून काय बघायचं? डाव्या जबड्याला आतून एक ठसठशीत दात असेल तर बहुधा ओडोन्टोटर्मिस. डोकं बाटलीच्या बुचासारखं पुढे निमुळतं, टोकाला चोच आणि जबडा जवळपास नाहीच, तर ती नाकाड्या वाळव्यांपैकी. त्या चोचीतून चिकट रस फवारतात. डोकं लांब आयताकृती आणि जबडे पात्यासारखे सरळ, तर हेटेरोटर्मिस बघा. डिवचल्यावर कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा थेंब येत असेल तर कॉप्टोटर्मिस. या शेवटच्या दोन घराच्या लाकडाला वाईट.

मोजणीची रूढ पद्धत अशी: १०० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा आखायचा, त्याचे २० तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात ठरावीक वेळ शोधायचं. पालापाचोळा, लाकूड, झाडाचा बुंधा, मातीत वीतभर खड्डे, सगळं. पाऊस, माती, झाडी वेगवेगळी असलेल्या जागांची तुलना यानेच होते. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी बिनवासाचा टॉयलेट पेपरचा रोल वीतभर खोल पुरून महिन्याने काढावा. वाळवी असली तर रोल सांगतो.

---

निफाडकर | १५ जून, सकाळी ६:५०

आमच्या काळ्या रानात वारूळ का नाही, याचं उत्तर आमच्या आजोबांकडे होतं: "ही जमीन उन्हाळ्यात तोंड वासते आणि पावसात मिटते, इथं भिंत उभी राहील कशी?" उन्हाळ्यात भेगांत हात कोपरापर्यंत जातो. वर बारमाही नांगर, पाट, ड्रिप. द्राक्षाला बांबू होते तेव्हा बांबूच्या बुडाला वाळवी लागायची. लोखंडी अँगल आल्यापासून तेवढीही दिसत नाही.

पण वाळवी अजिबात नाही असं नाही. विहिरीच्या दरडीला, नांगर पोचत नाही तिथे, अक्रोडाएवढे पांढुरके स्पंजासारखे गोळे निघाले होते. आम्हाला वाटलं कसली तरी बुरशी.

---

सूक्ष्मदर्शी | १५ जून, रात्री ९:३०

तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे! त्या वाळवीच्या बुरशीच्या बागा. मायक्रोटर्मिस ही बारीक चणीची वाळवी वारूळ बांधत नाही, जमिनीखाली असे लहान गोळे दूरदूर विखरून ठेवते आणि बारीक बोगद्यांनी जोडते. ओडोन्टोटर्मिसच्या बागा मोठ्या, वारुळाच्या पोटात असतात. दोघीही खाल्लेलं गवत-लाकूड अर्धवट पचवून त्याच्या विष्ठेचे हे गोळे रचतात, त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते, ती लाकडातला कठीण भाग मऊ करते आणि मग तो जुना गोळा वाळवी पुन्हा खाते. बुरशीवाचून ही वाळवी जगत नाही, आणि रानात ही बुरशीही वाळवीच्या घराबाहेर सापडत नाही.

विहिरीची जागा लिहून ठेवा. काळ्या मातीतल्या नोंदी फार कमी येतात, कारण वर काही दिसत नाही म्हणून कोणी खणतच नाही.

---

पेठची_बाई | २१ जुलै, दुपारी ४:००

मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते. वरचं बुरशीचं वाचलं आणि पोरांना विचारलं, तर पोरं म्हणाली, "बाई, ती अळंबीच ना?" या आठवड्यात पाड्यावर अळंबीच अळंबी आहे. सलग पाऊस होऊन एक-दोन दिवस उघडीप झाली की वारुळाच्या बुडाशी आणि आसपास उगवते. छत्रीच्या मधोमध टोक असतं आणि दांडी जमिनीत मुळासारखी खोल जाते. पोरं ती काठीने हळूच मोकळी करून अख्खी काढतात. एका आजींनी सांगितलं, वारूळ फोडायचं नाही, फोडलं तर पुढच्या साली अळंबी येत नाही. आणि प्रत्येक घराला आपापली जागा ठाऊक असते.

इथे एक विनंती. हे वाचून कोणी ओळख नसलेली अळंबी तोडून खाऊ नये. पाड्यावरची माणसंसुद्धा शंका आली की सोडून देतात.

दुसरं. शाळेमागच्या ओढ्याकाठी दगडाखाली एक वाळवी निघाली, तिच्या सैनिकाचे दोन जबडे एकमेकांसारखे नाहीत. एक वाकडा, पिळलेला. काडी लावली की टिचकी मारल्यासारखा आवाज करून स्वतःच मागे उडतो. पोरांना दुसरं काही सुचत नाहीये सध्या.

---

सूक्ष्मदर्शी | २१ जुलै, रात्री ८:४५

बाई, हीच नोंद मला हवी होती! पिळलेल्या जबड्याची वाळवी बहुतेक करून माती खाणाऱ्यांपैकी असते. म्हणजे लाकूड, गवत नाही, मातीत मिसळलेला कुजका अंश. तिला सावली, ओल आणि न नांगरलेली जमीन लागते. त्यामुळे सिन्नरच्या माळावर तिची आशा कमी, आणि झाडी तुटली की पहिला फटका हिलाच बसतो. बाटलीत चार सैनिक नक्की ठेवा, मी पेठला येऊन घेऊन जाते.

---

माळरान_सिन्नर | २२ जुलै, सकाळी ७:३०

टर्मिटोमायसिसची अळंबी धिंगरीसारखी पिशवीत पिकवता येत नाही, हे इथे जोडतो. ज्या पाड्यांना ती मिळते त्यांना ती वारुळांमुळेच मिळते. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण शेतात "वारूळ दिसलं की खणून काढ" म्हणतो, तेव्हा काय काय काढून टाकतोय याचा हिशेब कोणी मांडत नाही.

जुलैत माझ्या माळावरच्या नोंदी जवळपास रिकाम्या आहेत. जमीन चिंब असली की वाळवी वर खायला येत नाही, मात्र बांधकाम याच दिवसांत जोरात असतं. ओली माती आयती मिळते. एका वारुळाची उंची गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट चार बोटं वाढली, काठीला खूण करून मोजलीय.

---

गंगाघाट | श्रावण, नागपंचमी

आज आमच्या आजी (वय ८६) पंचवटीतून मुद्दाम रिक्षा करून म्हसरूळच्या बाजूला वारुळाला दूध-लाह्या वाहायला गेल्या. पूर्वी गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) पलीकडे पायी जाण्याएवढ्या अंतरावर पाच-सहा वारुळं होती म्हणतात. आता तिथे इमारती आहेत. आज जमीन नांगरायची नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, हे आजी अजून पाळतात. मी विचारलं, वारूळ नागाचं की वाळवीचं? त्या म्हणाल्या, "बांधते उधई, राहतो नागोबा. आयत्या बिळावर म्हणतात ते उगीच का!"

आता प्रश्न. आमच्या वाड्यात माजघराच्या तुळईवर मातीची रेघ आलीय. पेस्ट कंट्रोलवाल्याने न बघताच सगळीकडे भोकं पाडून औषध भरलं, भरपूर पैसे घेतले. दोन महिन्यांत रेघ पुन्हा आली. शिवाय पलंगाच्या बांबूतून पिठासारखा भुसा गळतो. ती दुसरी वाळवी का?

---

माळरान_सिन्नर | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:१०

बांबूतून मैद्यासारखा भुसा म्हणजे वाळवी नव्हे, भुंगेरा. त्याला मातीची रेघ नसते, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतात. जिच्यामुळे खसखशीसारखे, भिंगातून सहा कडांचे दिसणारे दाणे पडतात ती कोरड्या लाकडातली वाळवी, पण ती किनारपट्टीच्या दमट हवेत जास्त. तेव्हा पलंगाचा इलाज वेगळा, तुळईचा वेगळा.

मातीची रेघ म्हणजे वाळवी जमिनीतून येतेय. मावशीच्या वाड्यात असंच होतं. रेघेचा माग उलटा काढत गेलो तर ती न्हाणीच्या भिंतीतून वर येत होती, आणि न्हाणीचा नळ भिंतीच्या आत झिरपत होता. ती ओल बंद केली, भिंतीलगतची माती मोकळी केली, मगच जमिनीत औषध दिलं. दोन पावसाळे झाले, रेघ नाही.

तुळई सागाची आहे ना? सुरीचं टोक खुपसून बघा. जुन्या सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, कडेचा पांढरा भाग खाते. बऱ्याच वेळा तुळई आतून शाबूत असते आणि लोक घाबरून अख्खी बदलतात. टोकं मात्र नीट तपासा, भिंतीत गाडलेलं टोक आधी कुजतं.

---

विहीर_नांदगाव | २ सप्टेंबर, रात्री ९:००

आमच्याकडे पाणाड्या वारूळ बघून विहिरीची जागा सांगतो. मी त्याचं ऐकून वारुळाजवळ बोअर घेतलं, तीनशे फूट कोरडं. या समजुतीत काही अर्थ आहे का?

---

माळरान_सिन्नर | ३ सप्टेंबर, सकाळी ७:००

समजूत फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलाच्या खुणा सांगताना वारुळाला मोठं स्थान दिलंय. जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष (पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीवरून घेतलेलं माप) खोलीवर गोड पाणी, असं त्यात आहे. लक्षात घ्या: वारूळ एकटं नाही, विशिष्ट झाडासोबत, आणि खोली दोन पुरुष. उथळ विहिरीची गोष्ट आहे ती.

वाळवीला बागेसाठी ओल लागते आणि ती खालून ओली माती वर आणते, हे खरं. पण तिला मुरमातली ओल पुरते. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण आहे, आणि त्यात पाणी फक्त फटींत आणि झिजलेल्या थरांत. तीनशे फुटांवरची फट वाळवीला कशी कळणार? तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं.

---

सूक्ष्मदर्शी | ३ सप्टेंबर, रात्री १०:००

वारूळ म्हणजे आत राहण्याची जागा, असं बरेच जण धरून चालतात. मुख्य घर आणि बागा जमिनीच्या पातळीला आणि खाली असतात. वरचा डोलारा श्वासासाठी. ओडोन्टोटर्मिस ओबेससच्या आपल्याकडच्या वारुळांवर बंगळुरूमध्ये झालेलं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. दिवसा बाहेरच्या पातळ पन्हाळ्या (वारुळाच्या अंगावरचे आतून पोकळ, उभे उंचवटे) तापतात, त्यांतून हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री बाहेरचा भाग आधी निवतो आणि प्रवाह उलटा होतो. दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री निघून जातो. वाऱ्यावर ते फारसं अवलंबून नाही. बाहेरून एकही भोक दिसत नाही, कारण मातीच सच्छिद्र आहे.

सिन्नरच्या वारुळांना तशा उभ्या पन्हाळ्या आहेत का, काका?

---

माळरान_सिन्नर | ४ सप्टेंबर

आहेत. पाचही जिवंत वारुळांना आहेत. मेलेल्या दोन्हींच्या पन्हाळ्या पावसाने धुऊन गेल्या. दुरुस्ती करणारं कोणी नाही.

---

माळरान_सिन्नर | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

पाऊस सरला आणि माळ जागा झाला. वर्षातल्या सर्वांत जास्त नोंदी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आहेत. बाभळीच्या खोडांवर कमरेपर्यंत मातीचे पापुद्रे, वाळलेल्या शेणाखाली हमखास वाळवी, पडलेल्या प्रत्येक काडीवर मातीचं अस्तर.

काल संध्याकाळी मात्र नवं दिसलं. कुसळीच्या गवतात काळपट डोक्याच्या वाळव्यांची उघड्यावर रांग, वर मातीचं छप्पर नाही. गवताचे बारीक तुकडे तोडून एका भोकात नेत होत्या. कडेला सैनिक, काही मोठे, काही अगदी लहान, सगळ्यांना चोच. आसपास वारूळ कुठेच नाही.

---

सूक्ष्मदर्शी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

दोन आकारांचे चोचवाले सैनिक, उघडं गवताळ रान, गवत तोडून साठवणं: ट्रायनर्व्हिटर्मिस! बाटली भरलीत ना? नाकाड्यांच्या सैनिकांकडे फवारा असल्यामुळे त्यांना उघड्यावर यायची हिंमत होते. ही गवताळ रानाची वाळवी. माळ नांगरला किंवा त्यावर खड्डे खणून दाट झाडं लावली की ती जाते. माळाला पडीक म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

---

पेठची_बाई | ८ नोव्हेंबर

एका वारुळाला बाजूने मोठं भगदाड पडलंय, नखांच्या ओरबाड्या आहेत. गावातले जाणते म्हणतात, खवल्या मांजर.

---

माळरान_सिन्नर | ८ नोव्हेंबर

बाई, वाचून आनंद झाला. पण पाड्याचं नाव, ओढ्याचं नाव, फोटो, काहीही इथे टाकू नका. खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते. वन विभागाला तेवढं कळवा. वरच्या तुमच्या जुलैच्या नोंदीतूनही जागेचा अंदाज येईल असं काही असेल तर काढून टाका.

---

डाळिंबबाग_सटाणा | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

दादा, ताणात पापुद्रे चढले तेव्हा सांगितल्याप्रमाणे एकूण ऐंशी झाडं टोकरून बघितली. एकाहत्तरांची साल आत हिरवीगार. नऊ झाडांत टाचणीची भोकं. त्या नवांच्या फांद्या छाटून जाळल्या, दोन मुळासकट काढली. बाकीच्यांना फक्त पापुद्रा झाडून गेरूचा लेप दिला, औषध ओतलं नाही. पाणी सुरू केल्यावर सगळी फुटलीत. आणि कच्चं शेणखत बुंध्याशी टाकायचो ते बंद केलं, त्या ढिगातच उधई सर्वांत जास्त होती.

त्या सव्वाशे झाडांचा विचार अजून मनातून जात नाही.

---

निफाडकर | १७ फेब्रुवारी, सायंकाळी ६:००

गव्हाची नोंद. आमच्या बागायती गव्हात काही नाही. पण चुलतभावाच्या हलक्या रानात, जिथे शेवटचं पाणी चुकलं, तिथे मधेच पांढऱ्या ओंब्या. ओढलं की ताट हातात येतं, बुडाला मुळं कुरतडलेली आणि माती भरलेली. सैनिक फारच बारीक, बाटलीत ठेवलेत. शेजारच्याच वाफ्याला पाणी मिळालं होतं, तिथे एकही ताट गेलं नाही. विहिरीच्या दरडीतली तीच ही का, ते सूक्ष्मदर्शीताईंनी भिंगाखाली बघून सांगावं. शनिवारी मी नाशकात येतोय, दोन्ही बाटल्या घेऊन येतो.